करड्यातला निळा

विमानवाहू नौकेच्या डेकला मी पहिला रंग दिला तो आमच्या गॅलरीच्या ग्रिलला लावून उरलेला. डेक करडं असतं एवढी माहिती मला पुरेशी वाटली. वाळल्यावर ते असं चकाकलं की त्यात आमची ट्यूबलाइट दिसू लागली. मी कौतुकाने ते हातभर लांबीचं प्लायवुडचं जहाज सासऱ्यांपुढे ठेवलं. ते नौदलातून निवृत्त झालेले. तरुणपणी अशाच नौकेच्या डेकवर विमानं ढकलायचं काम केलेलं. त्यांनी त्या चकाकीवरून बोट फिरवलं.

"जावईबुवा, यावर विमान उतरलं तर थांबेल ते थेट समुद्रात."

हा खेळ नव्हता. सासूबाई गेल्यावर सासरे बदलापूरला, शिरगावात आमच्याकडे राहायला आले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डाव्याचं ऑपरेशन अंबरनाथला झालं, चांगलं झालं, आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. पट्टी निघाल्यावर त्या डोळ्याला सगळं निळसर दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं तुम्हाला पिवळट दिसत होतं, आता खरं दिसतंय. सासऱ्यांना ते पटेना. "आत बसवलेलं भिंग त्यांचं, तर रंगही त्यांचेच," म्हणाले, आणि उजव्या डोळ्याला कुणाला हात लावू देईनात. त्यातला मोतीबिंदू पिकत चालला होता. उशीर केला तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जणू तो डोळा माझ्याच ताब्यात होता.

तोड सासऱ्यांनीच काढली. आपण एक वेळ स्वतःचं नाव विसरू, डेकचा रंग विसरणार नाही. तो हुबेहूब करून दाखवा. ज्या डोळ्याला ओळखू येईल तो डोळा खरा. डावा खरा ठरला तर ऑपरेशन, उजवा ठरला तर विषय बंद.

आनंदनगरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा मी. चित्रकलेत शाळेत मला फक्त काठावर पास करत. आता म्हाताऱ्या माणसाचा डोळा माझ्या ब्रशवर टांगलेला.

उल्हासनगरला रंगाच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या सिंधी शेठने विचारलं, "साईं, क्या रंगाना है? टेबल, के खिडकी?"

"जहाज."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या रंगाच्या सगळ्यात लहान डब्या पुढे सरकवल्या.

चकाकी मारायला रंगात टाल्कम पावडर घालतात असं कुठेतरी वाचलं होतं. बायकोचा डबा निम्मा झाला. आमच्या युद्धनौकेला चंदनाचा वास यायला लागला. पण रंग काही ठरेना. सासरे एक डोळा हाताने झाकून बघत, मग दुसरा. आज उजव्याने पास, डाव्याने नापास. उद्या उलट. डेक खरवडायचं, पुन्हा रंगवायचं. शेवटी मी वैतागून म्हणालो, "मामा, डावाच बरोबर आहे. आम्हालाही तसंच दिसतं."

"तुम्हाला डॉक्टरांनी पढवलंय."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमचा तो पोपडा काढा ना. जहाजावरचा."

सासरे जहाजाकडे वळले. मग म्हणाले, "तो हरवला."

"कपाटात आहे. आईच्या पांढऱ्या साडीखाली, डबीत."

ती उठून डबी घेऊन आली. आत नखाएवढा, खडबडीत रंगाचा पोपडा होता. डेक नव्याने रंगवायच्या आधी जुना रंग खरवडावा लागे, तेव्हाचा. तो त्यांनी का जपून ठेवला होता ते त्यांनी सांगितलं नाही. इतके दिवस का काढला नव्हता, हेही नाही.

खिडकीतल्या उजेडात मी काळ्यात पांढरा कालवला आणि पोपड्याशेजारी एक ठिपका दिला. सासऱ्यांनी डावा डोळा झाकला.

"जुळतंय."

मग उजवा झाकला. बराच वेळ बघत राहिले. "नाही जुळत. यात निळा हवा."

काडेपेटीतली काडी निळ्यात बुडवून त्यांनी स्वतःच थेंब टाकला, स्वतःच ढवळलं आणि पहिल्या ठिपक्याशेजारी दुसरा दिला. डाव्या डोळ्याला तो जुळला. मलाही, बायकोलाही. मग त्यांनी डावा झाकला. उजव्या डोळ्याला दोन्ही ठिपके सारखेच दिसत होते.

"निळा मी घातला," ते हळूच म्हणाले. "माझ्या हाताने घातला. या डोळ्याला कळलाच नाही."

काडी पुसून त्यांनी ती पुन्हा पेटीत ठेवली.

"जावईबुवा, डॉक्टरांना तारीख विचारा."

उजव्या डोळ्याची पट्टी निघून आठवडा झाला असेल. रविवारी सकाळी कपाट उघडल्याचा आवाज आला. सासरे सासूबाईंची पांढरी साडी घेऊन गॅलरीत उभे होते. विहारात जाताना सासूबाई हीच साडी नेसायच्या. आणि तेवढ्यावरून दर वेळी सासऱ्यांची बोलणी खायच्या. नौदलात पांढऱ्या कपड्यांची शिस्त अंगात भिनलेला माणूस, तो म्हणायचा, पिवळी पडलीय, नीळ घालायला हात आखडतो का तुझा? शेवटची चार-पाच वर्षं हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं.

"ही कुणी पुन्हा धुतली?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," बायको म्हणाली. "आई गेल्यापासून तशीच आहे."

साडी पांढरी होती. खरं तर पांढऱ्याच्याही पुढे गेली होती. घडीच्या रेघांवर नीळ साचून फिकट आभाळी पट्टे उमटले होते. सासऱ्यांनी ते पट्टे उन्हात धरून पाहिले. मग साडीची होती तशीच घडी केली. जेवताना भाजीत मीठ नव्हतं, तेही ते बोलले नाहीत.

डेक मी त्याच आठवड्यात पुरं केलं. त्यांनी ते कपाटावर ठेवलं आणि त्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही.

नंतर मी बायकोला म्हणालो, "तुझ्या आईने एकदा तरी सांगायचं ना त्यांना, की साडी पांढरीच आहे."

ती जुने कपडे आवरत होती. म्हणाली, "आईला ठाऊक होतं. मी चिडले की म्हणायची, धुण्याला नावं ठेवतात ते बरंय, डोळे गेलेत हे कळलं तर घाबरतील. म्हणून नीळ वाढवत राहिली." हातातला कपडा बाजूला ठेवून म्हणाली, "आता हे बाबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. रंगातलं तुम्हाला कळतं म्हणे."