सौम्य, मध्यम की कडक

पुलापर्यंत येईतो आम्ही तीनदा थांबलो होतो. एकदा जाऊबाईंच्या चपलेत खडा गेला म्हणून. बाकी दोनदा काहीच कारण नव्हतं.

"परत जाऊ या का गं? दुकान उघडंच टाकून आलोय," त्या म्हणाल्या.

कुलूप मी स्वतः लावलं होतं आणि किल्ली त्यांच्याच पर्समध्ये होती. दर दहा पावलांनी पर्स उघडून त्या ती बघत होत्या.

"बसने आलो असतो तर एव्हाना पोचलो असतो," मी म्हटलं.

"बसमध्ये बसून राहावं लागतं."

माझ्या या थोरल्या जाऊबाई अठ्ठावीस वर्षं पार्लर चालवतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. केस विंचरणं, धुणं, टॉवेल, फोन, गिऱ्हाइकांची रडगाणी, सगळं माझ्याकडे. केस सरळ करायचं क्रीम, म्हणजे रिलॅक्सर, आमच्याकडे तीन प्रकारचं असतं: सौम्य, मध्यम आणि कडक. कुणाला कोणतं, हे जाऊबाई कधी नजरेनं ठरवत नसत. हातमोजा काढायचा, एक केस ओढायचा, चिमटीत धरून फिरवायचा आणि डोळे मिटायचे. मला बजावायच्या, "कुरळ्या केसांचा भारा बघून फसू नकोस. भारा एवढा मोठा, पण एकेक केस बघशील तर कोळ्याच्या धाग्याएवढा. त्याला कडक लावलंस तर झुपकेच्या झुपके हातात येतील."

एका बाईंनी खवचटपणे विचारलं होतं, "डोळे मिटून मंत्रबिंत्र म्हणता की काय?"

"मंत्र आमच्या धाकटीकडे. माझ्याकडे फक्त केस," जाऊबाई म्हणाल्या. शटर उघडताना मी देवाचं नाव घेते, त्यावर त्यांचा हा रोजचा टोमणा.

दोन महिन्यांपूर्वी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी मुलगी आईला घेऊन आली. मुलीचे केस घनदाट, कुरळे, कधीच कशानं सरळ न केलेले. जाऊबाईंनी एक केस ओढला, फिरवला. परत फिरवला. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "कडक काढ."

मला जरा चमत्कारिकच वाटलं. विंचरताना तिचे केस माझ्या हाताला अगदी मऊ, बारीक लागले होते. पण त्यांना काय शिकवायचं, म्हणून मी मुकाट्यानं डबा काढून दिला. क्रीम धुवायला घेतलं आणि मानेवरचे केस माझ्या ओंजळीत आले.

मुलगी रडायला लागली, तशा जाऊबाई म्हणाल्या, "घरी रंग लावला होतास ना? आधी सांगायला काय झालं होतं?"

"नाही हो काकू, खरंच नाही लावला."

"मग काय माझ्या क्रीमनं गेले?"

आईनंच तिला दटावलं, "खरं बोल. लावलास ना?" मुलीनं डोळे पुसले, पैसे दिले आणि निघाली. ती डोक्याला रुमाल बांधून कामावर जाते, आणि घरात अजून तिला खोटारडी म्हणतात, हे मला शेजारच्या शिंप्याच्या बायकोकडून कळलं.

त्यानंतर जाऊबाईंचा पाय एका जागी ठरेना. झाडलेली फरशी परत झाडायच्या, डब्यांच्या रांगा मोडून परत लावायच्या. मीही कुठं सुखात होते? देवापुढे हात जोडले की ती ओंजळच दिसायची.

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा केस फिरवत त्या डोळे मिटून उभ्या होत्या. केस केव्हाच खाली पडला होता. चिमटी रिकामी, आणि त्या फिरवतच होत्या. गिऱ्हाइकाला काहीतरी सांगून मी घालवून दिलं.

"वर्ष होत आलं," त्या मागच्या खोलीत म्हणाल्या. "शुगरमुळे, असं डॉक्टर म्हणतात. बोटांना काही कळतच नाही."

"आणि त्या मुलीच्या वेळी?"

"भारा बघून ठरवलं. मला वाटलं, चुकलं तर तू बोलशील."



आज दुपारी जेवण अर्धं टाकून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चल, तिच्या घरी जाऊन येऊ." पण पूल ओलांडल्यावर वळायची गल्ली त्यांनी मागे टाकली. मी हाक मारली, तशा परत आल्या. आल्या आणि परत पुढे गेल्या. शेवटी मी त्यांचा हात धरला.

दोन जिने चढून दारासमोर उभ्या राहिलो. आतून आईचा आवाज येत होता, कशावरून तरी लेकीलाच बोलत होती. जाऊबाईंनी पदर नीट केला, सोडला, परत नीट केला.

"ऐक," त्या हळूच म्हणाल्या. "माझं तोंड मला माहीत आहे. दार उघडलं की ते परत रंगाचंच काढेल. तसं झालं तर थोरली जाऊ म्हणून गप्प बसू नकोस. तिच्या आईसमोर, तिथल्या तिथे, मला खोटं पाड. पाडशील ना?"