सही माझी आहे

फोन आला तेव्हा माझ्या अंबडच्या दुकानात एक शेतकरी उभे होते. कपाशीवरचं औषध पंपाला किती टाकायचं, ते विचारत होते. पलीकडून कमल मॅडमच्या प्रज्ञाचा आवाज आला, "मावशी, आई गेली... सकाळी." मी "येते" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्या गृहस्थांना प्रमाण समजावून सांगितलं, तोंडाला फडकं बांधून फवारा म्हणून बजावलं, ते पायऱ्या उतरून जाईपर्यंत थांबले आणि मगच शटर ओढलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की हे वागणं माझं नव्हतं. ते कमल मॅडमचं होतं. त्यानंतर मात्र जालना येईपर्यंत डोळ्यांचं पाणी थांबलं नाही.

याला आता सहा आठवडे झाले. लिहायला बसले की प्रत्येक वेळी समोर येतं ते जालन्यातल्या नव्या मोंढ्याजवळचं बियाणं कंपनीचं ते दोन खोल्यांचं ऑफिस. मी बारावी आणि टायपिंग करून तिथे लागले, ते एकोणनव्वद साल होतं. पहिल्या दिवशी चुरगळलेली साडी, तेलाने चपचपीत वेणी आणि दर पावलाला फटफट वाजणारी चप्पल अशा थाटात मी आत गेले. समोरच्या टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. पांढऱ्या साडीला बारीक निळे काठ, खांद्यावर पिन लावलेला नीट पदर, मनगटावर पुरुषी वाटावं असं मोठं घड्याळ. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण हसल्या नाहीत. बाहेर नेऊन नळावर तोंड धुवायला लावलं, आपल्या पर्समधली पिन काढून माझ्या पदराला लावली आणि म्हणाल्या, "चप्पल वाजली की लोक आपल्या पायाकडे बघतात. त्यांनी आपल्या कामाकडे बघायला पाहिजे."

मी घाबरून "हो ताई" म्हणाले. "इथं मॅडम. घरी आलीस की ताई म्हण," त्या म्हणाल्या. तो नियम आम्ही दोघींनी शेवटपर्यंत पाळला.

ऑफिसात त्यांच्या माघारी 'मॅडमचा थाट' म्हणून हसणारे होते. मलाही वाटायचं, बाईंकडे कपाटभर साड्या असतील. एकदा पावसामुळे अंबडची गाडी सुटली नाही, तेव्हा त्यांच्याकडे मुक्कामाला गेले आणि कळलं... ऑफिसच्या साड्या दोनच होत्या. आज नेसलेली संध्याकाळी धुवायची, तांदळाच्या पेजेची खळ घालून वाळवायची आणि घडी करून गादीखाली ठेवायची. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला होता. घरात त्या आणि लहानगी प्रज्ञा. घरी त्यांची बोलीही बदलायची, गावाकडची, टेंभुर्णीची व्हायची. मी न राहवून विचारलं, "ताई, एवढं कशाला करता?"

"माझा बाप आडतीवर पोती उचलायचा," त्या म्हणाल्या. "त्याला कधी कुणी बस म्हन्लं न्हाई. उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलायचा तो. मी लहानपणी हे सगळं बघून राह्यले. मंग ठरवलं, आपुन असं जायचं की समोरच्याला बस म्हणावंच लागंल. आन् आपल्याकडं जो येईल, त्यालाबी आपुन बस म्हणायचं. बिलकुल चुकायचं न्हाई."

यातला दुसरा भाग त्या पहिल्यापेक्षाही काटेकोरपणे पाळायच्या. हमाल असो की व्यापारी, त्यांच्या तोंडून 'अहो'च निघायचं. हमालांना त्याची सवय नव्हती. एक म्हातारबुवा तर मॅडमनी 'बसा' म्हटलं की लाजून आणखी दोन पावलं मागे सरकायचे.

मी नोकरीला लागल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीची, जूनमधली एक सकाळ मला आजही तशीच आठवते. वडीगोद्रीकडचे पंधरा-वीस शेतकरी ऑफिसवर आले. आमच्याकडून नेलेली बाजरी पेरून दहा दिवस झाले होते आणि रानात हिरवा ठिपका नव्हता. आरडाओरडा ऐकून आमचे साहेब मागच्या दाराने निघाले. जाता जाता मॅडमना म्हणाले, "मी दौऱ्यावर आहे म्हणून सांगा. कुणाला काही लिहून देऊ नका."

मॅडम उठल्या. पदर सारखा केला, बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब इथं नाहीत. मी आहे. आधी पाणी घ्या." एक जण तोंडावर ओरडला, "बाईमाणूस पुढं करून राह्यले व्हय!" त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी एकेकाला बसवलं, नाव-गाव विचारलं, पिशवीवरचा लॉट नंबर पाहिला आणि मला कंपनीच्या कागदावर प्रत्येकाच्या तक्रारीची पोच टाइप करायला सांगितली. मी मशीनमध्ये कागद चढवला. "मॅडम, साहेब न्हाई म्हणले ना..." मी कुजबुजले. "बियाणं आपलं आहे ना? मग उत्तरही आपणच द्यायचं," त्या म्हणाल्या आणि प्रत्येक कागदावर त्यांनी स्वतःची पूर्ण सही केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने वडीगोद्रीला गेलो. चिखलातून, साडी हाताने उचलून, त्या एकेका रानात शिरल्या. ओळीतली माती बोटांनी उकरून कुजलेला दाणा पाहिला. काल ओरडलेला माणूसच आज बांधावरून हात देत होता. "जपून मॅडम, इकडं निसरडं हाय." त्या पोचा शेतकऱ्यांच्या हातात असल्यामुळे कंपनीला आठ दिवसांत दुसरं बियाणं द्यावं लागलं आणि पेरणीची वेळ हातची गेली नाही.

पण साहेबांनी आम्हाला दोघींना समोर उभं केलं. "या पोचा कुणी दिल्या?" त्यांनी मला विचारलं. टाइप मी केल्या होत्या. मला नोकरी हवी होती, घरी धाकट्या दोन बहिणी होत्या. मी खाली मान घालून म्हणाले, "मॅडमनी सांगितलं." मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बरोबर आहे. सही माझी आहे."

आठवड्याभरात त्यांची बदली गोदामात झाली आणि त्यांचं टेबल मला मिळालं. गोदामात औषध लावलेल्या बियाण्याचा उग्र वास, सगळीकडे लालसर धूळ. तिथेही त्या तीच खळ घातलेली पांढरी साडी नेसून यायच्या. संध्याकाळी काठ लाल झालेले असायचे, सकाळी पुन्हा स्वच्छ. बसस्थानकाच्या वाटेवर मी एकदा कसंबसं म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी..." त्यांनी मध्येच तोडलं. "खोटं कुठं बोलली तू? जल्दी चल, गाडी लागली तुझी." त्यांच्या लेखी विषय तिथेच संपला. माझा संपला नाही. दुकान काढलं तेव्हा त्या आशीर्वाद द्यायला आल्या, प्रज्ञाच्या लग्नात मी आठ दिवस राबले, सणावाराला येणं-जाणं झालं... पण ते अर्धं राहिलेलं वाक्य मी कधी पुरं केलं नाही. त्या आहेत, कधीही बोलता येईल, असं वाटत राहिलं.

मॅडमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी मी सहज प्रज्ञाकडे गेले. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली दिसली. "आईची सवय," ती म्हणाली. "रिटायर झाल्यापासून दर रविवारी तीन वाजता वस्तीतल्या मुली यायच्या. मुलाखतीची तयारी करून घ्यायची. मला काही सुचलं न्हाई, म्हणून मी नुसती सतरंजी टाकली." एवढ्या वर्षांत त्या मला याबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या.

तीन वाजता खरोखरच तीन मुली आल्या. दारात घुटमळल्या. एकीच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. मंगळवारी स्टीलच्या कारखान्यात ऑफिसच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. मॅडम गेल्याचं तिला ठाऊक होतं, तरी पाय इकडेच वळले, म्हणाली. मग माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, "तुम्ही मॅडमच्या कोण?"

मावशी, मैत्रीण, नात्यातली... काहीही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "त्यांनी मला काम शिकवलं. एकदा त्यांच्या बाजूने उभं राहायची वेळ आली होती, तेव्हा मी राहिले नाही."

मुलींना त्यातलं काय कळलं, माहीत नाही. आतल्या दारात उभ्या असलेल्या प्रज्ञाने डोळ्यांना पदर लावला. मी सतरंजीवर सरकून जागा केली आणि त्या मुलीकडे हात पुढे करून म्हणाले, "द्या ती फाइल. बघू, काय काय लिहिलंय."