ग्रेसवर जिंकलेली मॅच

माझा धाकटा भाऊ टेनिसमध्ये जगात नऊशेच्या आसपास होता, तेव्हा लातुरात ही गोष्ट सांगायची मला चोरी झाली होती. मी एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. त्या गावात नंबर म्हणजे बोर्डात कितवा, एवढंच. चौकाचौकांत पोरापोरींचे फोटो आणि फोटोखाली नंबर. एकदा हौसेनं क्लासच्या सरांना सांगितलं, की भाऊ व्यावसायिक टेनिस खेळतो, जागतिक क्रमवारीत नाव आहे त्याचं. त्यांनी लगेच विचारलं, "कितवा?" मी आकडा सांगितला. सर दुखवट्याला आल्यासारखे म्हणाले, "असू द्या मॅडम. अजून वय हाय त्याचं."

हसू आलं, पण तेव्हा हसले नाही. घरी आमचे वडीलही हेच म्हणायचे आणि तिथं तर हसायची सोयच नव्हती.

भाऊ या खेळात शिरला तो भूकंपामुळे. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला होते आणि आम्ही तिथल्याच वसाहतीत राहायचो. भूकंपाच्या त्या पहाटे आमच्याकडे नुसती मांडणीवरची भांडी वाजली. पण आईचं माहेर औशाच्या पलीकडचं, नेमकं त्या पट्ट्यातलं. अण्णा मिळेल त्या ट्रकनं तिकडे गेले. परतले तेव्हा त्यांची नखं फुटलेली होती आणि आईला सांगण्यासारखी एकही बरी बातमी त्यांच्याकडे नव्हती. आजी, आजोबा, मामा, कुणीच राहिलं नव्हतं. अण्णांनी त्यांना हातांनी उकरून बाहेर काढलं होतं.

त्यानंतर अण्णा भिंतीजवळ झोपेनात. वसाहतीत साहेबलोकांसाठी सिमेंटचं टेनिस कोर्ट होतं, अंगावर पडेल असं तिथं काहीच नव्हतं. त्यांनी आमची अंथरुणं उचलून तिथं नेली. मग शेजारची घरंही आली. धरण फुटणार अशा आवया रोज उठायच्या, पण अण्णांना पाण्याची भीती नव्हती, छपराची होती. भावाला शाळेतसुद्धा पाठवेनात, कारण शाळेला स्लॅब. पोरगं दिवसभर कोर्टावर हुंदडायचं. तेव्हा एका साहेबांकडून जुनी रॅकेट मागून आणली ती अण्णांनीच. आई म्हणाली, हे कशाला आता? अण्णा म्हणाले, "खेळू दे. उघड्यावर तरी राहतंय."

पुढे लोक घरात परत गेले, साहेब पुन्हा खेळायला लागले, आणि हा त्यांच्यात राहिला. जिल्हा झाला, राज्य झालं, हैदराबादच्या एका अकादमीनं ठेवून घेतलं. अण्णांनी काही वर्षं कौतुक केलं, मग त्यांची भीती फिरली. घर, शेत, माणसं एका पहाटेत जातात हे त्यांनी पाहिलेलं; डॉक्टरकी तेवढी कुठं जात नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्याच सुमारास लातूरच्या क्लासेसचा बोलबाला सुरू झाला. आधी मला तिकडे पाठवलं. माझं मेडिकल थोडक्यात हुकलं आणि मी तिथंच शिकवायला लागले. मग अण्णांची नजर भावावर वळली. भीतीपोटी त्याला कोर्टावर सोडणारा माणूस आता भीतीपोटीच त्याला आत ओढत होता. हे मला तेव्हाही दिसत होतं आणि माझा संताप व्हायचा.

मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याच्या मॅचेससाठी मी क्लासशेजारच्या सायबर कॅफेत जाऊन बसायची. पडद्यावर नुसते आकडे. वरच्या नंबरवाल्याशी गाठ पडली की हा पहिला सेट घ्यायचा आणि तिसऱ्यात गळपटायचा. आकडे बदलत जायचे तशी मी खुर्ची पुढे पुढे सरकवायची. कॅफेवाला पोरगा म्हणायचा, "मॅडम, रिझल्ट बघून राहिलेत का?" मी हो म्हणायची.

एका उन्हाळ्यात अण्णांनी त्याला समोर बसवलं. "पहिल्या शंभरातला एक गडी हरवून दाखव. जूनच्या आत. मग मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई जमलं तर आक्काच्या क्लासला रिपीटरच्या बॅचमध्ये बसायचं." मला वाटलं, हा भांडेल. पण तो खूश झाला. आपल्याला कुणीतरी सरळ काहीतरी मागितलं, असं त्याला वाटलं असावं. त्यानं अण्णांच्या हातावर हात मारला.

आणि त्याला संधी मिळाली. दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातल्या स्पर्धेत तो पात्रता फेऱ्या जिंकून मुख्य फेरीत आला, आणि समोर पहिल्या शंभरातला एक परदेशी पोरगा, याच्याच वयाचा. मी दुपारची बॅच दुसऱ्या मॅडमच्या गळ्यात घालून कॅफेत बसले. पहिला सेट टायब्रेकवर याचा. दुसरा त्याचा. तिसऱ्यात हा तीन-एक पुढे, आणि लाइट गेली. लातूरची लाइट ती, कधी येणार कुणास ठाऊक. मी अंधारात घामाघूम होऊन तशीच बसून राहिले. मग क्लासच्या फोनवर त्याचाच फोन आला. "आक्का, जिंकलो! लई पळवलं त्याला, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. शेवटी मांडी धरून बसला. म्हणाला, न्हाई खेळत." मी रडले. फोन ठेवून घरी फोन लावला. अण्णा नुसते "बरं" म्हणाले, पण आई सांगते, शेजारी पेढे वाटले त्यांनी.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या: प्रतिस्पर्ध्याने दुखापतीमुळे माघार घेतल्याने आपल्या खेळाडूची आगेकूच. त्या माघारीनं सगळा घात केला. त्यानंतरच्या मॅचमध्ये भावाची गाठ अगदी वरच्या मानांकिताशी पडली, आणि त्यानं याचा पार भुगा केला.

तो घरी आला तेव्हा मीही रविवारची नांदेडला गेले होते. अण्णांनी त्याला जेवू दिलं आणि मग शांतपणे म्हणाले, "बाळा, ही ग्रेस झाली. ग्रेसच्या मार्कांवर पास होता येतं. मेरिटात येता येत न्हाई."

मी कडाडले. "अण्णा, तो पुढे होता! ह्यानं पळवलं म्हणून त्याचा पाय गेला!"

"पूर्ण खेळला असता तर काय झालं असतं, तुला माहीत हाय का?"

मला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. मी भावाकडे पाहिलं, त्यानं तरी तोंड उघडावं म्हणून. तो हात धुऊन आला आणि म्हणाला, "बरं, अण्णा."

जूनमध्ये तो लातूरला आला. कॉट बेसिसवर खोली घेतली, माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसला. सरांनी त्याचा फोटो चौकात लावला, 'आंतरराष्ट्रीय खेळाडूचीही पसंती' असं लिहून, आणि त्या बदल्यात फी माफ केली. मेडिकल त्यालाही लागलं नाही. फार्मसी केली. आज तो औषध कंपनीत आहे, नांदेड ते माहूर फिरतो, दवाखान्यांच्या बाकांवर डॉक्टरांची वाट बघतो. पोट भरतं. अण्णांना रात्री झोप लागते, छपराखालीच.

त्याचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलीकडचे घर बघायला नांदेडला आले होते. टीव्हीवर टेनिस चालू होतं, कुठलीतरी मोठी फायनल, आणि खेळत होता तोच, त्या दिवशी मांडी धरून बसलेला. आता तो पहिल्या दहांत होता. भाऊ आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. अण्णा मात्र पुढे सरसावले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "आमच्या पोरानं हरवलेलं हाय याला. पहिला सेट सात-सहा. दुसरा गेला, तीन-सहा. तिसऱ्यात तीन-एक पुढं होता आमचा. हातात होती मॅच, हातात."

सगळा स्कोअर त्यांना तोंडपाठ होता. इतकी वर्षं होता. मला धाय मोकलून रडावंसं वाटलं, आणि त्यांचा इतका राग आला, की उठून टीव्ही बंद करावा.

पाहुणे चकित होऊन भावाकडे वळले. "खरंच की काय, जावईबापू?"

भावानं हसून मान हलवली. "मला न्हाई आठवत," तो म्हणाला, आणि त्यांच्या पुढ्यात पोह्यांची बशी सरकवली.