काकूच्या पाटोडीची दवंडी

माझ्या काकूच्या निधनाची बातमी चांदूर बाजार गावात मीच पसरवली, आणि तेव्हा काकू घरात बेसनाच्या पाटोड्या थापत होती.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात मार्केटिंग शिकवतो. 'आधी आपला ग्राहक ओळखा' हे वाक्य दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. (अक्षर चांगलं आहे.) त्यामुळे काकूने घराच्या ओसरीत पाटोडी-रश्शाची खानावळ काढायचं ठरवलं, तेव्हा जाहिरातीचं काम मी मागून घेतलं.

काकूला मात्र धाकधूक होती. "आजवर साऱ्या गल्लीले फुकट खाऊ घातलं रे बापू. आता इकत घ्यायले कोणी येईन काय? पहिल्याच दिवशी कोणी नाई आलं तं मी पुन्हा हे धंदे करत नाई."

"काकू, अख्खं गाव लोटेल!" मी म्हणालो.

गावात भोंगेवाले ऑटो पुष्कळ, पण सगळे कर्कश! मला भारदस्तपणा हवा होता. शेवटी गजाननभाऊंचा पांढरा ऑटो सापडला. आवाज स्वच्छ, वेग संथ, माणूस अबोल.

"सर, हा ऑटो वेगळ्या कामाचा हाय," ते म्हणाले.

"मला वेगळंच हवंय!"

"तसं नाई सर, लोक मंग..."

"लोकांचं माझ्यावर सोडा!"

मग मी खर्जातल्या आवाजात, मागे बासरी लावून मजकूर रेकॉर्ड केला. "कळविण्यात येते की, सर्वांच्या लाडक्या सुशीलाकाकू... आज सकाळी अकरा वाजता, राहत्या घरी... सर्वांनी उपस्थित राहावे." मध्ये पाटोडी आणि रश्शाचं चांगलं दीड मिनिट वर्णन होतं. पण ते ऐकायला थांबतो कोण? गजाननभाऊंचा ऑटो गावात एकाच कामासाठी फिरतो. कोण गेलं आणि किती वाजता न्यायचं, एवढंच सांगायला! लोक नाव ऐकतात, वेळ ऐकतात आणि कपडे बदलायला आत जातात. हे चांदूर बाजारातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला नव्हतं.

साडेदहालाच गर्दी सुरू झाली. पांढरे कपडे, खाली माना, हळू आवाज. (ग्राहकवर्ग फार सुसंस्कृत आहे, असं मी मनात नोंदवलं.) प्रत्येकीच्या पदराखाली एक डबा होता.

शेजारच्या विमलमावशींनी येताच माझा हात धरला. "काल तं माह्याशी चांगली बोलली! कशानं गेली रे?"

"कोण गेली?"

तेवढ्यात काकू हातात झारा घेऊन ओसरीवर आली. मावशी किंचाळून डब्यासकट खाली बसल्या. "मायबाई! हे तं उभी हाय!"

"काहून? झोपली पाहिजे होती काय मी?" काकू म्हणाली.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. ती आमच्याकडे पन्नास घरांतून आली! खानावळीच्या पहिल्या दिवशी, खानावळीत, बाहेरचं जेवण! आत काकूची पातेली वाफाळत होती आणि ती त्या डब्यांकडे नुसती पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"इकत घ्यायले तं कोणी आलंच नाई," ती हळूच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विमलमावशींनी पदरानं डोळे पुसले. "पिठलं घरी न्या वं साऱ्याजणी. सुशीला, मले रश्शाचं ताट लाव. आन् पैसे घे! इतके वर्सं फुकट खाल्लं, म्हणून तं आज एवढं रडू आलं."

मग सगळेच पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसले. (रस्सा तिखट आणि लाल असतो. ते कपडे पुढे कोणाच्याच अंत्ययात्रेला चालण्यासारखे राहिले नाहीत.) एक वाजायच्या आत पातेली रिकामी झाली. काकू हसत होती, आणि मी कोपऱ्यात उष्टी ताटं उचलत होतो.

संध्याकाळी गजाननभाऊ आले. मी माफी मागणार, तोच ते म्हणाले, "सर, आवाज मस्त जमला. लोक रडले ना बाप्पा! रेकॉर्डिंग ठेवून घेऊ काय? पाटोडीचं तेवढं कापतो, नाव आन् वेळ मी बोलत जाईन."

नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? आता चांदूर बाजारात कोणीही गेलं, की माझाच आवाज गल्लीगल्लीतून फिरतो आणि सारं गाव हातातलं काम टाकून ऐकतं. वर्गात माझं बोलणं इतकं मन लावून आजवर एकानंही ऐकलेलं नाही!