नानांचं गंज संग्रहालय

लग्न होऊन घाटंजीला आले, त्याच्या तिसऱ्याच सकाळी कुंपणाच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "सूनबाई, दूध लागून राह्यलं!" मी स्वयंपाकघरात धावले. दूध खरंच बुडाला लागत होतं. आभार मानायचे की खिडकी लावून घ्यायची, ते कळेना. मी खिडकी लावून घेतली. "लावा, लावा," पलीकडून आवाज आला, "फटीतूनही येते."

हे शेजारचे नाना. नोकरी कचेरीत कारकुनाची, पण गावात नाव वासवाले नाना. दार वाजलं की "कोण?" असं ते कधी विचारत नसत. "या गुरुजी, आज अंबाडीची भाजी झाली का?" असं आतूनच म्हणत. एका लग्नात पंगत बसत असतानाच त्यांनी "कढी आंबली" असं जाहीर केलं. कढी आंबलीच होती. तरी मुलीचे वडील पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर नानांनी समोरच्या खोलीत वासांचं संग्रहालय काढलं. पेंटरने पाटीवर 'गंध'च्या जागी 'गंज संग्रहालय' लिहून ठेवलं. पहिल्याच आठवड्यात एकाने गंजलेली ट्रंक आणून टाकली. आमच्याकडे पातेल्यालाही गंज म्हणतात, त्यामुळे एक आजी पितळी गंज घेऊन आल्या आणि कल्हई कधी मिळेल ते विचारू लागल्या. नानांनी पाटी बदलली नाही. "माणसं तर येऊन राह्यली ना," म्हणाले.

आत लोणच्याच्या बरण्यांतून खस होता, हिना होता, ओल्या मातीचं अत्तर होतं. मोहफुलं, ताजी सरकी, कोरं पाठ्यपुस्तक, झरी जामणीच्या जंगलातल्या रोशा गवताचं तेल. एका बरणीवर लिहिलं होतं, 'साहेब येणार त्या दिवशीची कचेरी'. तिच्यात फिनेल आणि उदबत्ती होती. बरणीत नाक खुपसलेलं नानांना खपत नसे. "वास हाताने बोलवायचा," ते सांगत. तीन बरण्या झाल्या की नाक थकतं, म्हणून म्हणत, "आता स्वतःची बाही हुंगा. जरा घरी जाऊन या."

मग एका तापाच्या साथीत नाना सापडले. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. त्याच सुमारास मी शिकवत होते त्या शाळेची सहावीची मुलं संग्रहालय बघायला नेली. साफसफाई करताना नानांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, बरण्यांच्या जागा बदलल्या होत्या. नानांनी सवयीने एक बरणी उचलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा मोगरा. आमच्या लग्नात काकूच्या वेणीत हाच होता." बरणी मुलांत फिरली. तिच्यात हिंग होता. एका मुलीने विचारलं, "नाना, काकूंनी वेणीत वरण माळलं होतं का?"

खोली हसून हसून कोसळली. नानाही हसले. पण बरणी परत घेताना त्यांनी ती नाकाशी धरली, पुन्हा धरली, आणि झाकण लावून टाकलं.

मी आत गेले. काकू भाजी चिरत होत्या. "मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले, मी वरणात हिंगच टाकून नाही राह्यली. एका शब्दाने बोलले नाहीत."

"मग तुम्ही काहून नाही बोललात?"

"ते लपवून राह्यले होते ना," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसले. समोर कांदे नव्हते, भेंडी होती.

आठवडाभर संग्रहालय बंद राहिलं. मग बाजाराच्या दिवशी झरीकडची एक बाई पाटी बघून दार वाजवू लागली. नाइलाजाने नानांनी उघडलं. रोशाच्या तेलाची बरणी हाती घेताच ती बाई खाली बसली.

"काय झालं? काय आलं?" नाना घाबरून म्हणाले.

"माहा बाप आला जी," ती म्हणाली. "जंगलात या तेलाची भट्टी लावे तो. घरी आला की समदं घर असंच वासे."

नानांनी रजिस्टर काढलं आणि तिचं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं. तेव्हापासून बरणीत काय आहे ते नाना सांगेनासे झाले. पाहुण्याने हुंगायचं, आठवेल ते सांगायचं, नाना लिहिणार. पूर्वी लोक दहा मिनिटांत निघत. आता चहा ठेवावा लागे, आणि काकूंनी कुरकुर सुरू केली, म्हणजे घर पूर्ववत झालं.

गेल्या वर्षी मुलीने दोघांना पुण्याला नेलं. संग्रहालयाची किल्ली माझ्याकडे आली. दर रविवारी नानांचा फोन येतो.

"सूनबाई, आज गावात काय वास आहे?"

पहिल्यांदा मी म्हणाले, "काहीच नाही, नाना."

"असं होतच नाही. अंगणात जा. मी थांबतो."

मी गेले. उभी राहिले. इतकी वर्षं इथे राहून मी कधी अशी उभी राहिले नव्हते. "जिनिंग सुरू झालं वाटतं, सरकीचा वास आहे," मी म्हणाले. "आणि कोणीतरी तुरीच्या शेंगा उकडल्या आहेत."

मग नाना हळूच म्हणाले, "कोणाकडे?"

वास कोपऱ्यावरच्या घरातून येत होता. त्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. "थांबा, विचारून येते," मी म्हणाले, आणि फोन कानाशी धरूनच त्या घराचं फाटक उघडलं.