जॅक आडवा पडल्यावर

भूत, भानामती, करणी, अंगात येणं — यातलं काहीही आमच्या घराचा उंबरा ओलांडून कधी आत आलं नाही. इथे लिहिणारे बरेच जण म्हणतात की माझा यावर विश्वास नव्हता. आमच्याकडे मात्र हा विश्वासाचा नाही, ठरवून सोडण्याचा प्रश्न आहे. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातले ताईत, गंडेदोरे, अंगारे सगळे बाहेर काढले. आमच्या गाडीला लिंबू-मिरची नाही, घरात कुणाची दृष्ट काढत नाहीत. बाबा असेपर्यंत कुणी असा विषय काढला की ते एवढंच म्हणायचे, "पुरावा दाखव, मग बोलू." म्हणून हे लिहिताना मला घरच्यांच्या पाठीमागे काहीतरी करतेय असं वाटतंय... भावाला विचारून लिहितेय. आईला सांगितलेलं नाही.

आम्ही दादरच्या नायगावातल्या बीडीडी चाळीत राहतो. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ सुमेध. मी मुळात घाबरट. गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यावरून परत येणारी, कुलूप ओढून बघितल्यावरही पुन्हा ओढणारी. सुमेध माझ्या बरोबर उलटा. त्याला शांतपणे करावं असं जगात एकही काम सापडलेलं नाही. दोघांनी मिळून एक सेकंडहँड गाडी घेतली, ती चाळीसमोरच्या गल्लीत उभी असते.

हिवाळ्यातला रविवार होता. मावसबहिणीचा साखरपुडा कल्याणला, दुपारच्या आत पोचायचं होतं. आई ठेवणीतली पांढरी साडी नेसून, गजरा माळून गाडीत जाऊन बसलीसुद्धा. तेवढ्यात लक्षात आलं, पुढचं डावीकडचं चाक पार बसलेलं. पंक्चरवाला रविवारी उशिरा उघडतो. सुमेध म्हणाला, "स्टेपनी आहे ना? मी लावतो. टायर बदलायला काय लागतं?"

काय लागतं ते मला माहीत होतं. गाडी शिकले तेव्हा मास्तरांकडून हट्टाने हेही शिकून घेतलं होतं, रस्त्यात एकटीवर वेळ आली तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून. मी आईला खाली उतरवलं, गाडी उचलताना आत कुणी बसायचं नसतं. आई पुटपुटत वर घरी गेली. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मागच्या चाकाला विटेचा अडसर लावला. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायला लावले. इथपर्यंत साहेबांनी ऐकलं.

पुढे मात्र ऐकेनात. आमच्या गल्लीत पाइप टाकायला खणलं होतं, नंतर माती ढकलून वर पेव्हर ब्लॉक बसवले. मुंबईत राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. पाय पडला की ब्लॉक पियानोच्या पट्ट्यांसारखे हलतात. मी म्हटलं, "जॅकखाली फळी घाल रे, हे ब्लॉक पोकळ आहेत."

"अगं ताई, पाच मिनिटांचं काम. तू काय पूल बांधतेयस का?"

"आणि काढलेलं चाक गाडीखाली सरकव. जॅक सटकलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही."

"गाडीखाली जायचंय कुणाला?"

त्याचं हे म्हणणं त्या घडीला खरंच होतं, आणि उशीर होत होता. मी फळीचा हट्ट सोडला. त्याने जॅक फिरवला, गाडी वर आली, चाक निघालं. ते चाक आणि स्टेपनी, दोन्ही त्याने मागे बंद दुकानाच्या पायरीला टेकवून ठेवली. नट हरवू नयेत म्हणून आपली एक चप्पल काढून तिच्यात ठेवले. मग उठताना स्वतःच तिला पाय लावला. एक नट घरंगळत गाडीखाली गेला.

"काठी आणते, थांब," मी म्हटलं. मी वळून पुन्हा बघते तोवर हा रस्त्यावर पालथा. डोकं, खांदे, उजवा हात गाडीखाली. मला एकच दिसत होतं — चाक नसलेली ती रिकामी जागा आणि तिच्या खाली माझ्या भावाची मान.

"सुमेध, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

"आलो गं. दिसतोय मला, हात पुरत नाहीये."

मी जॅकपाशी उकिडवी बसले. आणि बघते तर जॅकखालच्या ब्लॉकची एक कड खाली चाललेली. खूप हळू. जॅक तिरका झाला, आणखी तिरका झाला, आणि मग कलंडून आडवा पडला. त्याचा दांडा माझ्या चपलेवर येऊन आपटला.

गाडी जागची हलली नाही.

मी हे पुन्हा लिहिते, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. जॅक माझ्या पायाशी आडवा पडला होता आणि गाडी वरच होती. गाडीची खालची कड आणि पडलेला जॅक यांच्यामध्ये हात घालता येईल एवढी फट होती. त्या फटीतून पलीकडची गटाराची जाळी दिसत होती. दुसरा कसलाही आधार नव्हता... वीट नाही, चाक नाही, काही नाही.

तुम्ही म्हणाल, ओरडली का नाहीस? पाय धरून ओढलं का नाहीस? मी हे स्वतःला रोज विचारते. त्या क्षणी डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की यातलं काहीही बिघडवायचं नाही. मी ओरडले तर तो दचकून डोकं वर करेल. खाली सरकवायला दोन्ही चाकं माझ्या पाठीमागेच होती, पण नजर हलवली तर गाडी खाली येईल असं वाटत होतं. गाडीला हात लावायचीही हिंमत झाली नाही. आणि मी काय बोलले असेन?

"सुमेध, आपण मिक्सर द्यायचा की डिनर सेट?"

आतून आवाज आला, "हं?"

"साखरपुड्याला. आई म्हणते डिनर सेट. मला मिक्सर बरा वाटतो."

"मिक्सर दे," तो म्हणाला. "डिनर सेट सगळेच देतात."

"पण मावशीकडे मिक्सर आहे."

"मग इस्त्री दे. नट मिळाला."

"मिळाला ना, मग ये आता. सावकाश ये, घाई नको. इस्त्री बरी नाही दिसत साखरपुड्याला."

"थांब, टी-शर्ट अडकलाय."

माझं तोंड चालूच होतं. "अडकला तर अडकू दे, हळू सोडव. कुकर कसा वाटतो तुला? मोठा, पाच लिटरचा. एकत्र कुटुंबात चाललीय ती, लागेलच." मी काय बोलत होते आणि कुणाशी, काही समजत नव्हतं. गल्लीच्या टोकाला पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा खूप लांबून आल्यासारखा वाटत होता. नजर त्या फटीवर. ती कमी होत नव्हती, वाढतही नव्हती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तो कुकरबद्दल काहीतरी म्हणाला, मग कोपरांवर मागे सरकत सरकत बाहेर आला. खांदे आले, डोकं आलं, शेवटी हात आला, मुठीत नट.

त्याचा हात बाहेर आला आणि गाडी खाली आली. चाकाच्या जागची ती लोखंडी डिस्क अशी काही आदळली की खालचे ब्लॉक फुटले. खिडक्यांतून लोकांनी डोकी बाहेर काढली.

मी तिथेच बसले आणि मोठ्याने रडायला लागले. सुमेधने जॅककडे बघितलं आणि म्हणाला, "वाचलो रे बाबा. बरोबर बाहेर आल्यावर पडला."

"आत्ता नाही पडला तो. कधीचा पडलाय."

"काहीतरीच काय बोलतेस?" एवढं म्हणून तो हात झटकत उठला.

समोरच्या चाळीतल्या परबकाकू धावत आल्या. त्या मालवणच्या, आईची तीस वर्षांची मैत्रीण. माझं रडत रडत सांगणं फक्त त्यांनीच पूर्ण ऐकून घेतलं. आई खाली आली तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "गो बाय, ह्या जाग्याक कोणतरी असा. तुमी मानणास नाय, म्हायत असा माका. पण एक नारळ दी आणि मोकळी हो."

आईने सुमेधला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं आणि मगच उत्तर दिलं. "परबबाई, नारळ तुम्हाला द्यायचा तर द्या, तुमच्या नावाने. खोबरं पाठवा, मी चटणी करीन. जॅक घसरला आणि माझा पोरगा वाचला, एवढंच झालंय." पण बोलताना तिने सुमेधचं मनगट सोडलं नव्हतं. कल्याणला आम्ही टॅक्सीने गेलो आणि साखरपुड्यात मी एक घासही खाऊ शकले नाही.

नंतर आठवडाभर घरात माझी थट्टा. सुमेधचं स्पष्टीकरण तयार होतं — गाडी वर उचललेली असली की खालच्या स्प्रिंगा सुटलेल्या असतात, म्हणून जॅक गेल्यावरही ती क्षणभर अडकून राहिली असेल, आणि घाबरलेल्या माणसाला क्षण मोठा वाटतो. मी म्हटलं, मिक्सरपासून कुकरपर्यंत आपण बोललो तो क्षण होता का? तो हसला. "तू बोलतेस किती फास्ट, ते माहितीय ना?"

पुढच्या रविवारी त्याने मला खाली बोलावलं. "चल, तुझं भूत उतरवतो." या वेळी गाडीखाली काढलेलं चाक आडवं सरकवलेलं होतं, जॅकखाली फळी होती, आणि आम्ही दोघं चांगले लांब. त्याने बांबूने जॅकला धक्का दिला.

जॅक कलंडला तशी गाडी त्याच दमात चाकावर येऊन बसली. मध्ये टाळी वाजवायलाही फुरसत मिळाली नसती. सुमेधने पुन्हा गाडी चढवली, पुन्हा धक्का दिला. तेच झालं. मग तिसऱ्यांदा. त्याच्या कपाळावर घाम होता. चाक परत बसवून त्याने सामान डिकीत टाकलं आणि वर निघून गेला. त्या दिवसापासून थट्टा बंद झाली.

मी परळच्या एका जुन्या गॅरेजमध्येही जाऊन विचारलं. तिथल्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून सगळं बघितलं. "मॅडम, एक तर जॅक उभा होता, नाही तर गाडी खाली होती. तिसरं काही नसतं," तो म्हणाला. मलाही तेच वाटतं. पण मी तिसरं बघितलंय.

हे इथे लिहायचं ठरलं ते गेल्या महिन्यात. सकाळी गॅलरीत आम्ही दोघं चहा पीत उभे होतो, आई आत भाजी निवडत होती. खाली आमची गाडी दिसत होती. सुमेध मध्येच म्हणाला, "ताई, टी-शर्ट अडकला नव्हता."

"काय?"

"जॅक पडला तो मला दिसला होता. माझ्या तोंडासमोरच पडला. नट माझ्या हातात कधीचा होता. मला हलताच येत नव्हतं गं. पाय नव्हतेच जणू."

मी कप कठड्यावर ठेवला. "अरे मग इतके दिवस मला वेड्यात का काढलंस?"

"तू म्हणालीस तसं झालं असेल, तर... मला ते झालेलंच नको होतं." तो कठड्याला टेकून खालीच बघत होता. "मी डोळे मिटून पडलो होतो. मग तू मिक्सरचं काढलंस. म्हटलं, ही मिक्सरचं बोलतेय म्हणजे अजून काही झालेलं नाही. म्हणून मी पण बोलत राहिलो. बोलता बोलता पाय हलले."

"गाडी अंगावर येईल अशी भीती नाही वाटली?"

"गाडीची नाही. तू बोलायची थांबशील, याची वाटत होती."

माझ्या बोलण्याने घरात पंखा बंद होत नाही, गाडी कुठून थांबणार? मग ती कशाने थांबली, कुणी थांबवली, की असं काही होऊ शकतं आणि आम्हालाच माहीत नाही... मला खरंच सांगता येत नाही. बाबा असते तर त्यांना दाखवायला माझ्याकडे आजही पुरावा नाही, फक्त हा सुमेध आहे, चहा पिणारा.

"काय रे, एवढे गप्प का झालात दोघं?" आतून आईने विचारलं.

आम्ही दोघंही एकदम बोलायला लागलो.