मेली म्हणून सांगितलेली गाय

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला जनावरातलं ओ की ठो कळत नव्हतं. माहेर जिंतूरचं. वडील शाळेत शिपाई, भाड्याच्या दोन खोल्या, दारात कधी शेळीसुद्धा बांधलेली नाही. आणि इथं गावापासून हाकेच्या अंतरावर ओढ्याकाठी सात एकर रान, रानातच घर आणि घराला लागून गोठा. गोठ्यात दोन बैल, एक म्हैस, चार शेळ्या. सासू माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीच वारली होती. घरात सासरे, नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची.

म्हशीखाली बसायला मला शिकवलं ते गावकुसाबाहेरच्या वस्तीवरच्या मावशीनं. ती आमच्याकडं खुरपायला, कापूस वेचायला यायची. चाळिशीची विधवा बाई, अंगानं काटक, आणि जनावरांच्या बाबतीत डॉक्टराला ऐकणार नाही अशी. गावानं तिला पाटावर कधी बसवलं नसेल. पण गाय अडली की तिलाच बोलावणं जायचं.

"बाई, तुमी भ्यालात की तिला कळतंय," ती म्हणायची. "बोटं वढू नका. मूठ करा. वरनं दाबत खाली या."

हे ती चार हात लांब उभी राहून सांगायची. म्हशीला हात लावायची नाही. तिच्या हातचं दूध आमच्या चुलीवर चाललं नसतं. मग मला कळेना म्हणून ती मला एकदा वस्तीवर घेऊन गेली, आणि तिच्या स्वतःच्या गाईखाली बसून तिनं मला मूठ कशी धरायची ते दाखवलं. ती गाय म्हणजे तांबडी. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. कालवड होती तेव्हा मावशीनं ती वाट्यानं सांभाळायला आणली होती, आणि पुढं मजुरी करून स्वतःची करून घेतली होती. तिच्या घरात दुसरं काही नव्हतं.

दिवाळी सरली की गोठ्याची थंडीची तयारी आम्ही दोघी मिळून करायचो. ओढ्याकडून वारा यायचा तो सुरीसारखा. त्या बाजूच्या तुराट्यांच्या कुडाला फटी पडलेल्या असायच्या. मावशी शेणमाती कालवायची, मी लिंपायची. पोत्यांच्या झुली दाभणानं शिवायच्या, शेळीची करडं झाकायला डालगी नीट करायची. दोन वर्षं असं चाललं.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून सगळीकडं पेटलं. रोज काही ना काही कानावर यायचं. या गावात झोपड्या जाळल्या, त्या गावात माणसं पळाली. आमच्या गावात काही होणार नाही, असं मामा म्हणायचे. आणि एका दुपारी वस्तीच्या बाजूला धूर दिसला. चार घरं जळाली. त्यात मावशीचं एक. जाळणारे बाहेरचे नव्हते. आमच्या शेजारच्या रानातले होते, आमच्या ओसरीवर बसून चहा पिणारे होते. माझा नवरा त्यांच्यात गेला नाही. तो पारावर बसून राहिला. पुढं कितीतरी वर्षं तो हे सांगायचा, मी गेलो नव्हतो म्हणून. अडवायलाही गेला नव्हता, हे मात्र कधी सांगायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी तांबडीला घेऊन आली. डोक्यावर एक बोचकं होतं, बस. गाईच्या शेपटीचा गोंडा भाजलेला होता.

"मालक, आमी पूर्णेला भावाकडं जायलोत," ती मामांना म्हणाली. "ट्रकवाला गाय घ्यायना. व्यायला दोन म्हयने हायत तिला. तुमच्या दावणीला ऱ्हाऊ द्या. थंडी पडायच्या आत येते मी."

मामांनी गाईच्या भाजलेल्या गोंड्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बांध. जनावराचा काय गुन्हा?"

मला त्या वेळी मामांचा अभिमान वाटला होता. मावशीनं गाय बांधली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, हिला पाणी कोमट करून द्या. आन व्यायच्या वक्ताला गलका करू नका." मी मान डोलावली. तिच्या मागं चार पावलं जावं, एक भाकरी तरी बांधून द्यावी, हे सुचायला मला संध्याकाळ झाली.

भादव्याच्या शेवटी तांबडी व्याली. मामा आणि नवरा वखरावर होते. मी एकटी. मावशीनं जे जे सांगितलं होतं ते एकेक आठवत होते. पायाआधी तोंड दिसलं तेव्हा मी रडायलाच लागले होते, पण मग आपोआप सगळं सरळ झालं. कालवड झाली. आईसारखीच तांबडी. मी तिचं तोंड पुसलं, नाकात काडी घालून शिंक काढली, उभी केली. आयुष्यात मी एकटीनं केलेलं ते पहिलं मोठं काम. आणि ते सांगावं असं माणूस गावात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चिकाचा खरवस केला. मामा म्हणाले, चार घरी वाटून ये. मी वाटून आले. ज्या घरांतली माणसं वस्तीवर गेली होती त्या घरांतही दिला. सगळ्यांनी खाल्ला. एका बाईनं तर बोटं चाटत विचारलं, "कुणाच्या गाईचा गं?" मी म्हणाले, "आमच्याच." आता आठवतं, की तो शब्द पहिल्यांदा मीच वापरला होता. मामांनी नंतर वापरला.

दूध मीच काढायची, म्हणून ते चुलीवर चालायचं.

दसरा झाला आणि आमचा उजवा बैल गेला. पोट फुगलं, दीड दिवस उभा राहिला आणि पडला तो उठला नाही. बारा वर्षांचा बैल. मामा त्याच्या मानेवर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. पण रडून झाल्यावर त्याला ओढायचं कुणी? गावात मेलेलं जनावर न्यायला वस्तीवरचे दोन म्हातारे अजून यायचे. नवरा बोलवायला गेला. त्यांनी दारातूनच सांगितलं, "आता तुमची ढोरं तुमी वढा." नवरा तोंड पाडून परत आला. शेवटी दोघा बापलेकांनी राहिलेल्या बैलाला दोर बांधून त्याच्याच जोडीदाराला बांधापर्यंत ओढत नेलं. खड्डा खणायला दिवस गेला. मी माती ओढत होते. मामांचे हात सोलून निघाले होते, आणि ते सारखे म्हणत होते, "ही पाळी आणली आपल्यावर." कुणी आणली, ते मी विचारलं नाही.

रब्बीची पेरणी तोंडावर, आणि दावणीला एकच बैल. ज्याची त्याची पेरणी चाललेली, कोण कुणाला बैल देणार? तीन दिवस मामा गोठ्याच्या दारात बसून होते. बघत होते तांबडीकडं. मला ते बघणं कळलं होतं.

चौथ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "उद्या ताडकळसचा बाजार हाय. गाय-वासरू देऊन बैल मिळतो का बघू."

नवरा म्हणाला, "आबा, ती आपली न्हाई."

"आता दिवाळी आली. आली का ती? नाही आली म्हंजे येत नाही. अन् आली तर येऊ दे, बघू. पेरलं नाही तर खायाचं काय? तिची गाय?"

नवऱ्यानं भाकरीचा घास मोडला. मी वाढत होते. मला म्हणायचं होतं, थंडी पडायच्या आत येते असं ती म्हणाली होती, अजून थंडी पडलेली नाही. शब्द अगदी ओठावर होते. मी आमटी वाढली.

सकाळी तांबडीचं दूध मीच काढलं. नवरा दोर धरून पुढं, कालवड मागं उड्या मारत चालली होती. दिवेलागणीच्या आत बापलेक बैल घेऊन आले. चांगला बैल होता, ते म्हणावं लागेल. पांढरा, खांद्याला भरलेला. मामांनी त्याला कुंकू लावलं. मी पायावर पाणी घातलं.

दिवाळी झाली आणि एका पहाटे ओढ्यावर धुकं उतरलं. त्या वर्षी कुड मी एकटीनं लिंपला. झुली एकटीनं शिवल्या. गेलेल्या बैलाची झूल नव्याला आखूड पडत होती म्हणून तिला आणखी एक पोतं जोडत बसले होते, तेव्हा मावशी आली. खांद्यावर घोंगडं, हातात नवीन दावं. गाय न्यायला तिनं नवीन दावं वळून आणलं होतं.

ती सरळ गोठ्यात गेली. तांबडीच्या जागेवर पांढरा बैल रवंथ करत होता. मग वळून तिनं विचारलं, "गाय कुठं हाय?"

मामा ओसरीवर होते. ते उठले नाहीत. म्हणाले, "मेली."

"मेली?"

"पोट फुगलं. दीड दिसात गेली."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो खाली बघत होता. मग तिनं अगदी हळू विचारलं, "मंग वढली कुनी?"

हे मामांच्या ध्यानात आलं नव्हतं. गावात जनावर मेलं आणि वस्तीला कळलं नाही, असं होत नाही.

"आमीच पुरली," नवरा म्हणाला. "ते बघ, बांधाच्या कडंला."

तिनं बांधाकडं बघितलं. तिथं काट्या टाकलेला ढिगारा होता, खराच. ती तिकडं गेली नाही. म्हणाली, "आन पोटातलं?"

कालवडीचा विचार कुणी केलाच नव्हता. छोटा खुंटा अजून जमिनीत तसाच होता, त्याला कालवडीचं छोटं दावं लोंबत होतं. ते तिनं बघितलं. मी तिला बघताना बघितलं.

"पोटातच गेलं," मामा म्हणाले.

मग ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी सांगा."

आज इतक्या वर्षांनी मी स्वतःला पुष्कळ समजावते. वय एकवीस, घरात सासरा, नवरा, जायला दुसरी जागा नाही. हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी मी यातलं काहीच विचारात घेतलं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडं बघून, सरळ आवाजात म्हणाले, "मेली, मावशी."

माझा आवाज कापलासुद्धा नाही.

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग म्हणाली, "माझं घर जाळलं त्यांनी. पन जाळलं न्हाई म्हनून खोटं तर सांगितलं न्हाई." आणि निघाली. फाटकापाशी थांबून एकदा बांधाकडं बघितलं, आणि गेली.

मामा बसल्या जागी म्हणाले, "तोंड बघा हिचं." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पेरणी दिवाळीआधीच झाली होती. नवा बैल जुन्याबरोबर चांगला जुळला. त्या साली थंडी चांगली पडली, आणि ज्वारी अशी आली की लोक बघायला यायचे. हुरड्याला नवऱ्यानं चार माणसं बोलावली. मीच भाजला. ती ज्वारी आम्ही वर्षभर खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, गोड लागली.

मावशी वस्तीवर परत राहायला आली नाही. देवगाव फाट्याकडं रस्त्याच्या कामावर आहे, असं कुणीतरी सांगितलं. आमच्या रानात वस्तीवरचं कुणी पुन्हा मजुरीला आलं नाही. लोकांना काय कळलं, किती कळलं, कुणी तोंडावर बोललं नाही. एकदा म्हैस अडली, तेव्हा मीच हात घातला. म्हैस वाचली, रेडकू गेलं. मावशी असती तर दोन्ही वाचली असती.

मामा सात-आठ वर्षांनी गेले. शेवटच्या दुखण्यात मी त्यांचं सगळं केलं. त्यांनी त्या गाईचं नाव कधी काढलं नाही, मीही नाही.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्या हिवाळ्यात, संक्रांतीनंतर, मी माहेराला निघाले होते. एसटीत चढले तर तिसऱ्या बाकावर मावशी. केस पांढरे झालेले, पण बसणं तसंच, ताठ. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. बाकी गाडी भरलेली. तिनं मला बघितलं. ओळखलं. तोंड फिरवलं नाही, की बोललीही नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला बसता यावं म्हणून.

मी दांडा धरून उभी राहिले.

कंडक्टर म्हणाला, "बसा की बाई, जागा हाय."

"असू द्या," मी म्हणाले.

गाडीतल्या दोन-तीन माणसांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि त्यांना जे समजायचं ते ते समजले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तसं नाही, मला लाज वाटतेय म्हणून मी बसत नाही. पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. थोड्या वेळानं मावशीनं पिशवी पुन्हा शेजारच्या जागेवर ठेवली आणि खिडकीकडं बघत राहिली. जिंतूर येईपर्यंत मी उभीच होते.